कोणत्या दाराची कडी वाजवायची?

आमच्या शाखेत एक कॅशियर होते. दुपारी काउंटर बंद झाला की इतर मंडळी अर्ध्या-पाऊण तासात कॅश जुळवून मोकळी होत. हे गृहस्थ मात्र संध्याकाळचे सहा वाजले तरी पिंजऱ्यातच. बंडले मोजायची, बांधायची, सोडायची आणि पुन्हा मोजायची. रक्कम पहिल्याच खेपेला जुळलेली असे. स्ट्राँगरूमची दुसरी किल्ली माझ्याकडे असल्यामुळे ते उठेपर्यंत मलाही उठता येत नसे. आम्ही सगळे या प्रकाराला सचोटी म्हणत होतो आणि वरिष्ठांनी त्यांच्या गोपनीय अहवालात तसे लिहिलेही होते. एका संध्याकाळी मी त्यांच्या बोटांची निघालेली सालटी पाहिली, डोळ्यांत तरळलेले पाणी पाहिले, आणि ही सचोटी नव्हे, काहीतरी दुखणे आहे, एवढे मला उमगले.

सहा महिने त्यांनी अशक्तपणाची इंजेक्शने घेतली. मग एके दिवशी त्यांच्या पत्नी माझ्या घरी आल्या. त्यांच्या हातात वहीच्या कागदाची एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर कोणा नातेवाइकाने पुण्यातली चार नावे लिहून दिली होती. पहिल्या नावापुढे एम. डी. होते, दुसऱ्यापुढे मानसशास्त्रातली पीएच. डी., तिसऱ्यापुढे एम. एस. डब्ल्यू. आणि चौथ्यापुढे नुसतेच समुपदेशक. पहिली दोन नावे डॉक्टर या उपाधीनेच सुरू होत होती. यांपैकी नेमके कोणाकडे जायचे, एवढेच त्या बाईंना माझ्याकडून हवे होते. ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिट यांतला फरक मी झोपेतही सांगितला असता. त्या चार नावांतला फरक मात्र मला सांगता आला नाही.

हा संकोच माझ्या मनात राहून गेला. पुढे निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा असे कळले, की ज्या चिठ्ठीपुढे मी निरुत्तर झालो होतो, तिने सिग्मंड फ्रॉइडलाही त्याच्या सत्तराव्या वर्षी गाठले होते, तेही कोर्टाच्या वाटेने. फ्रॉइड म्हटले की आपल्याकडे स्वप्ने आणि कामवासना एवढेच लोकांना आठवते. मला मात्र त्याच्या सबंध आयुष्यात हाच एक प्रश्न दिसू लागला : माणसाचे मन दुखू लागले, तर त्याला हात लावण्याचा अधिकार कोणाचा?

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६चा, मोराव्हियातल्या फ्रायबर्ग या लहानशा गावातला. आज ते गाव प्रिबोर या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. वडील याकोब लोकरीचे व्यापारी, धंद्यात फारसे यश नसलेले. १८६० मध्ये हे ज्यू कुटुंब व्हिएन्नात आले आणि पुढची ७८ वर्षे फ्रॉइड त्या शहरात राहिला. १८७३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो विद्यापीठात वैद्यकशाखेत दाखल झाला. पण रोग्यांची सेवा करावी अशी तळमळ काही त्याला तिकडे घेऊन गेली नव्हती. त्याला निसर्गाची कोडी सोडवायची होती. एर्न्स्ट ब्र्यूके या नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तो रमला. सूक्ष्मदर्शकाखाली माशांच्या मज्जापेशी पाहण्यात त्याने वर्षे घालवली आणि पाच वर्षांची पदवी आठ वर्षांनी, १८८१ मध्ये, घेतली.

तो तिथेच राहिला असता, पण १८८२ मध्ये मार्था बर्नेज या मुलीशी त्याचे लग्न ठरले. प्रयोगशाळेच्या पगारात संसार होण्यासारखा नव्हता. खुद्द ब्र्यूकेनेच त्याला परिस्थितीची जाणीव करून दिली आणि फ्रॉइड नाइलाजाने व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात उमेदवारी करू लागला. तिथे तो निरनिराळ्या विभागांतून फिरला. त्यांत मायनर्ट या मनोविकारतज्ज्ञाच्या विभागातले पाच महिने होते. वेड लागलेल्या माणसांच्या इस्पितळातला त्याचा अनुभव जवळजवळ एवढाच. हे मुद्दाम सांगतो, कारण फ्रॉइड मनोविकारतज्ज्ञ होता असे आपण सर्रास म्हणतो. कागदोपत्री तो मज्जाविकारांचा डॉक्टर होता. १८८५ मध्ये त्याला विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला तो त्याच विषयात. वाचाघातावरचे त्याचे पुस्तक १८९१चे आहे आणि मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातावरचा त्याचा प्रबंध १८९७चा. मनाविषयी त्याने एक ओळही लिहिली नसती, तरी मज्जाशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद राहिली असती.

१८८५च्या ऑक्टोबरात तो शिष्यवृत्तीवर पॅरिसला, शार्कोच्या सालपेत्रिएर रुग्णालयात गेला. हातपाय लुळे पडलेल्या, बोलणे थांबलेल्या, फेफऱ्यासारखे झटके येणाऱ्या रुग्णांना शार्को संमोहनाखाली आणून दाखवी. शरीरात बिघाड सापडत नाही आणि रुग्ण ढोंगही करत नाही, मग हे काय आहे? हा प्रश्न घेऊन फ्रॉइड परतला आणि १८८६च्या एप्रिलात, ऐन ईस्टरच्या रविवारी, त्याने स्वतःचा दवाखाना उघडला. त्याच वर्षी लग्नही झाले.

दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांसाठी त्याच्यापाशी काय होते? विजेचे सौम्य झटके देणारे यंत्र, गरम-गार पाण्याचे उपचार, मालिश आणि संमोहन. विजेचा काही उपयोग होत नाही हे त्याच्या लवकरच लक्षात आले. संमोहन सगळ्यांना लागू पडत नसे. या अडचणीतून त्याला वाट दिसली ती योसेफ ब्रॉयर या वडीलधाऱ्या डॉक्टर मित्राच्या एका जुन्या रुग्णाईतामुळे. १८८० ते १८८२ या काळात ब्रॉयरने एका तरुणीवर उपचार केले होते. त्या मुलीला असे आढळले, की लक्षण पहिल्यांदा कधी आणि कशाने सुरू झाले हे सविस्तर बोलून टाकले की ते ओसरते. बोलण्याने बरे होणे ही गोष्ट डॉक्टरने शोधली नाही, ती त्या रुग्ण मुलीला सापडली. डॉक्टरचा मोठेपणा एवढाच, की तो बसून ऐकत राहिला. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादावर एकत्र पुस्तक काढले, त्यात ही हकीगत टोपणनावाने आली.

पुस्तकात ती मुलगी बरी झालेली दिसते. प्रत्यक्षात उपचार थांबल्यावर तिला आरोग्यधामात ठेवावे लागले होते आणि सावरायला काही वर्षे गेली. ती बेर्था पापेनहाइम. पुढे जर्मनीत तिने अनाथ मुली, कुमारी माता आणि देहविक्रयात ओढल्या गेलेल्या स्त्रिया यांच्यासाठी आयुष्य वेचले. १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, १९०७ मध्ये आश्रयगृह काढले. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने तिच्या नावाचे टपाल तिकीट काढले. फ्रॉइडच्या शास्त्राची जी पहिली रुग्ण म्हणून ओळखली जाते, ती त्या देशातल्या समाजकार्याच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी एक ठरली. चिठ्ठीतल्या तिसऱ्या नावाकडे, त्या एम. एस. डब्ल्यू.कडे, मी तेव्हा तुच्छतेने पाहिले होते. बेर्थाची हकीगत वाचल्यावर मला त्याची लाज वाटली.

ब्रॉयर या वाटेवरून मागे फिरला. फ्रॉइड पुढे गेला. संमोहन सोडून त्याने रुग्णाला कोचावर पडून मनात येईल ते बोलायला सांगितले. १८९६ मध्ये त्याने या पद्धतीला मनोविश्लेषण हे नाव दिले. स्वप्नांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८९९च्या नोव्हेंबरात आला, त्यावर साल मात्र १९०० छापले. पहिली आवृत्ती ६०० प्रतींची होती आणि ती संपायला आठ वर्षे लागली. मराठी लेखकांनी धीर धरायला हरकत नाही.

पण याच काळातल्या दोन गोष्टी त्याच्या भक्तांना फारशा सांगाव्याशा वाटत नाहीत, आणि मला त्या टाळता येत नाहीत. पहिली एमा एकस्टाइन या त्याच्या रुग्ण स्त्रीची. बर्लिनचा फ्लीस नावाचा डॉक्टर तेव्हा फ्रॉइडचा जिवलग मित्र होता. नाकाचा मानसिक दुखण्यांशी संबंध असतो असा त्याचा विचित्र सिद्धान्त होता. फ्रॉइडच्या सल्ल्याने १८९५च्या फेब्रुवारीत त्याने एमाच्या नाकावर शस्त्रक्रिया केली आणि जखमेत अर्धा मीटर जाळीचे कापड विसरून बर्लिनला निघून गेला. काही आठवड्यांनी दुसऱ्या शल्यवैद्याने ते ओढून काढले, तेव्हा झालेल्या रक्तस्रावात बाई मरता मरता वाचली. फ्रॉइड त्या खोलीत होता. त्याला भोवळ आली. पुढे मित्राला वाचवण्यासाठी त्याने त्या रक्तस्रावाचे खापरही एमाच्या मनावर फोडले. फ्लीस पदवीधर डॉक्टर होता आणि फ्रॉइडही.

दुसरी गोष्ट फ्रॉइडने स्वतःच लिहून ठेवली आहे. दैनंदिन जीवनातल्या विसरण्या-चुकण्यावरच्या आपल्या पुस्तकात तो सांगतो, की हिशेबाची वही चाळताना एका रुग्णाचे नाव काही केल्या आठवेना. ती चौदा वर्षांची मुलगी होती. तिच्या पोटात दुखत असे. त्याने उन्मादाचे निदान केले, उपचारांनी ती सुधारलीही, आणि आईवडील तिला घरी घेऊन गेले. पोटदुखी मात्र गेली नव्हती. दोन महिन्यांनी ती पोटातल्या ग्रंथींच्या कर्करोगाने गेली. उन्माद खरा होता, पण त्याच्या आड दडलेला दुसरा रोग त्याला दिसला नाही. जी केस आपण कधीच विसरणार नाही असे वाटले होते, तिचे नावच मनाने पुसून टाकले. चूक लपवायची प्रत्येक सोय असताना त्याने ती छापली, याबद्दल त्याला मानले पाहिजे. पण मुलगी गेली ती गेलीच. मनाचे दुखणे आणि शरीराचे दुखणे यांची गल्लत किती महाग पडते, हे कळायला याहून मोठे उदाहरण लागत नाही.

१९०२ पासून दर बुधवारी संध्याकाळी फ्रॉइडच्या बेर्गगासे १९ या घरी काही मंडळी जमू लागली. आडलरसारखे डॉक्टर होते, तसा माक्स ग्राफ हा संगीताचा जाणकारही होता. पुढे ओटो रांक हा एकवीस-बावीस वर्षांचा, तांत्रिक शाळेत शिकलेला, यंत्रकामगार तरुण एक हस्तलिखित घेऊन आला. फ्रॉइडने त्याला पुढे शिकायला लावले आणि १९१२ मध्ये तो पीएच. डी. झाला. हान्स साक्स वकील होता. झुरिकचा फिस्टर पाद्री होता. फ्रॉइडची धाकटी मुलगी आना प्राथमिक शाळेतली शिक्षिका होती. ती १९२२ मध्ये संघटनेची सदस्य झाली आणि लहान मुलांच्या मानसोपचारात तिने स्वतःचे नाव केले. या सगळ्यांना फ्रॉइडने विश्लेषक मानले. त्याची अट एकच : शिकणाऱ्याने आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करावे.

याच सुमाराला वैद्यकीने त्याला आपले दुसरे रूप दाखवले. १९२३ मध्ये त्याच्या टाळूवर गाठ आली. एका नामवंत शल्यवैद्याने ती किरकोळ समजून बाह्यरुग्ण विभागातच कापली. शस्त्रक्रियेनंतर फ्रॉइडला एका लहान खोलीत ठेवले होते. तिथे रक्तस्राव सुरू झाला, घंटी वाजेना, त्याला हाक मारता येईना. खोलीतला दुसरा रुग्ण, एक बुटका माणूस, धावत जाऊन परिचारिकेला घेऊन आला म्हणून जीव वाचला. गाठ कर्करोगाची आहे हे त्याच्या डॉक्टर स्नेह्याने त्याच्यापासून काही काळ लपवून ठेवले. फ्रॉइडला राग आला तो रोगापेक्षा या लपवाछपवीचा. पुढच्या सोळा वर्षांत जबड्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. पिख्लर या कुशल शल्यवैद्याने त्याला जगवले. वैद्यकीचा हलगर्जीपणा आणि वैद्यकीचे कौशल्य, दोन्ही त्याने स्वतःच्या तोंडात वागवले, असे म्हणायला हरकत नाही.

आणि मग तो खटला आला. थिओडोर राइक हा त्याचा आवडता शिष्य. त्याची पीएच. डी. फ्लोबेअरच्या एका साहित्यकृतीवर होती. त्याला डॉक्टरकी शिकायची होती, पण फ्रॉइडनेच त्यात वर्षे घालवू नकोस असा सल्ला दिला होता. १९२५ मध्ये व्हिएन्नाच्या महापालिकेने राइकला व्यवसायबंदी केली. १९२६ मध्ये त्याच्या एका अमेरिकन रुग्णाने त्याच्यावर वैदूगिरीची फिर्याद केली. ऑस्ट्रियात जुना कायदा होता. वैद्यकीय पदवीशिवाय रोग्यावर उपचार करणे हा त्यानुसार गुन्हा. गुरूच्या सल्ल्यावर चाललेला शिष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहण्याची वेळ आली होती. निकाल विरुद्ध गेला असता, तर उद्या आनाचाही दवाखाना बंद झाला असता.

सत्तर वर्षांच्या, नीट बोलता-जेवता न येणाऱ्या फ्रॉइडने उन्हाळ्यात बसून एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते सप्टेंबर १९२६ मध्ये प्रसिद्धही झाले. विषय हाच : डॉक्टर नसलेल्याने मनोविश्लेषण करावे का? पुस्तक संवादरूपाने आहे. समोर एक निःपक्षपाती, सुशिक्षित, या विषयातले काही न कळणारा अधिकारी बसला आहे आणि फ्रॉइड त्याला समजावून सांगतो आहे. वाचताना मला आपणच त्या खुर्चीत बसलो आहोत असे वाटत राहिले.

त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. वैदू कोणाला म्हणायचे? ज्याला उपचाराचे ज्ञान नाही आणि तरी जो उपचार करतो त्याला. हे माप लावले, तर मनाविषयी काहीही न शिकलेला डॉक्टर मनावर उपचार करू लागतो तेव्हा तोही वैदूच ठरतो. वैद्यकीय महाविद्यालयात हाडे, स्नायू, रसायने शिकवतात. पण मन समजायला संस्कृतीचा इतिहास, पुराणकथा, धर्माचे मानसशास्त्र आणि साहित्य हेही लागते, आणि ते तिथे कोणी शिकवत नाही. म्हणून पदवी कोणती हे पाहू नका, त्या विशिष्ट कामाचे शिक्षण झाले आहे का ते पाहा.

इथवर वाचून फ्रॉइड डॉक्टरांना धुडकावतो आहे असे वाटेल. पण त्याच पुस्तकात त्याने एक रेघ ठळक ओढली आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाला डॉक्टरने तपासलेच पाहिजे. दुखणे शरीराचे नाही, किंवा आत वेगळा भयंकर मनोविकार वाढत नाही, हे निदान डॉक्टरचे. मध्येच नवे लक्षण दिसले आणि ते मनाचे की शरीराचे अशी शंका आली, तर विश्लेषकाने, मग तो स्वतः डॉक्टर असला तरी, दुसऱ्या वैद्याकडे धाव घेतली पाहिजे. हे वाचताना मला ती चौदा वर्षांची मुलगी आठवली. त्याला लिहिताना ती आठवली होती का, हे कोण सांगणार? पण वाचकाला ती आठवल्यावाचून राहत नाही.

राइकवरचा खटला १९२७ मध्ये पुराव्याअभावी बारगळला. ती पुस्तकाची जीत होती असे काही म्हणता येत नाही. त्याच वर्षी इन्सब्रुकच्या अधिवेशनात फ्रॉइडच्याच अनुयायांनी या प्रश्नावर भांडण मांडले आणि त्याचे म्हणणे अनेकांनी मानले नाही. अमेरिकन मंडळींनी तर दार डॉक्टरांपुरतेच ठेवले. ज्याच्या नावाने ते दुकान उघडले होते, त्याच्या या एका शब्दाला मात्र तिथे किंमत नव्हती.

आणखी एक योगायोग पाहा. १९२७ मध्येच व्हिएन्नातल्या एका मनोविकारतज्ज्ञाला वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो वाग्नर-यॉरेग, फ्रॉइडचा विद्यार्थिदशेपासूनचा परिचित. उपदंशाने मेंदू नासलेल्या रोग्यांना तो हिवतापाची लागण करी आणि त्या तापाने रोग आटोक्यात येई. त्या रोग्यांना बोलून बरे करणे फ्रॉइडला सात जन्मांत जमले नसते. फ्रॉइडला नोबेल कधीच मिळाले नाही. १९३० मध्ये फ्रँकफर्ट शहराचा गटे पुरस्कार मिळाला, आणि आजारी बापाच्या वतीने तो घ्यायला गेली शिक्षिका आना. एकाच शहरातले दोन समवयस्क डॉक्टर. एकाने रोगी मेंदूला औषध दिले, दुसऱ्याने दुखऱ्या मनाला भाषा दिली. यांतला कोण खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या रोग्याने कोणाकडे जायचे, हा खरा प्रश्न.

१९३३ मध्ये बर्लिनमध्ये फ्रॉइडची पुस्तके जाळली गेली. १९३८च्या मार्चमध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि त्याच महिन्यात गेस्टापोने आनाला दिवसभर चौकशीसाठी नेले. त्यानंतर म्हातारा देश सोडायला तयार झाला. बाहेर पडण्यासाठी नाझींनी लावलेल्या कराची रक्कम उभी केली मेरी बोनापार्ट या नेपोलियनच्या घराण्यातल्या राजकन्येने. ती त्याची शिष्या, स्वतः मनोविश्लेषक, आणि वैद्यकीय पदवी नसलेली. ४ जूनला फ्रॉइडने व्हिएन्ना सोडले. मागे राहिलेल्या चार वृद्ध बहिणी नाझींच्या छळछावण्यांत संपल्या. लंडनमध्ये त्याला जेमतेम सव्वा वर्ष मिळाले. वेदना असह्य झाल्या तेव्हा त्याने माक्स शुर या आपल्या डॉक्टरला जुन्या वचनाची आठवण दिली. खोटे सांगणार नाही आणि विनाकारण तळमळू देणार नाही, असे ते वचन होते. शुरने मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रॉइड गेला. डॉक्टर नसलेल्या एका बाईने त्याला मृत्यूच्या तावडीतून सोडवले आणि एका डॉक्टरने त्याचे मरण सोपे केले.

राइक त्याआधीच, १९३८ मध्ये, न्यूयॉर्कला पोचला होता. तिथल्या संघटनेने डॉक्टर नाही म्हणून त्याला बरोबरीची जागा दिली नाही. १९४८ मध्ये त्याने स्वतःची वेगळी संस्था काढली. शेवटी १९८५ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांच्या संघटनेला कोर्टात खेचले. त्या दशकाच्या अखेरीस तडजोड झाली आणि दार उघडले. फ्रॉइडच्या पुस्तकाला साठ वर्षे उलटून गेली होती.

आपल्याकडे ही भांडणे झाली नाहीत, कारण सुरुवात वेगळी झाली. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. बोस वैद्यकीय पदवीधर होते आणि १९२१ मध्ये त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली होती. त्यांच्या सभासदांत लष्करी डॉक्टर होते, तसे मानसशास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकही होते. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, या संस्थेने त्याला हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट पाठवली. ती त्याच्या लिहिण्याच्या टेबलावर असे. लंडनच्या त्याच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे, तिथे ती आहे.

आज आपल्याकडे कायद्याने रेघा बऱ्याच स्पष्ट ओढल्या आहेत. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम. बी. बी. एस. होऊन मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. आजाराचे निदान करून औषधे लिहून देणे हे त्याचे काम. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणावर रुग्णालयातले देखरेखीखालचे प्रशिक्षण घेतलेला असतो आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून आणि वर्तनाच्या सरावातून उपचार करतो, औषधे देत नाही. मनोविकारांच्या क्षेत्रातला समाजकार्यकर्ता रुग्णाचे घर, नोकरी, शेजार यांची घडी बसवतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे तिघे, प्रशिक्षित परिचारिका, तसेच आयुर्वेदासारख्या पद्धतींतले मनोविकारांचे पदव्युत्तर वैद्य यांना मान्यता दिली आहे. समुपदेशकाचे नाव त्या यादीत नाही. २०२१च्या दुसऱ्या एका कायद्याने अशा पेशांनाही नोंदणीच्या कक्षेत आणायचे ठरवले आहे. अनेक समुपदेशक उत्तम शिकलेले असतात आणि नात्यांतले ताण, परीक्षेची भीती, मृत्यूचे दुःख यांत त्यांचाच आधार होतो. पण पाटीवरच्या त्या एका शब्दावरून आतल्या माणसाचे शिक्षण कळत नाही, ते विचारावे लागते.

फ्रॉइडचे कितीतरी सिद्धान्त आज टिकलेले नाहीत. नोटा पुन्हा पुन्हा मोजायला लावणाऱ्या आमच्या कॅशियरसारख्या आजारावर १९०९ मध्ये त्याने गाजलेला प्रबंध लिहिला, पण आज त्या आजारावर पहिला उपचार म्हणून मनोविश्लेषण कोणी सुचवत नाही. गोळ्या आणि वर्तनाचा सराव हा त्याचा आजचा मार्ग. तरी त्याने १९२६ मध्ये काढलेल्या त्या रेघेवर काळाचा परिणाम झालेला नाही. दार कोणतेही ठोठावा, आत गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. या कामाचे शिक्षण कुठे घेतले? माझ्या शरीराची तपासणी झाली आहे ना? आणि तुम्हाला उमगले नाही, तर मला कोणाकडे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नसेल, त्याच्याकडून उठून यावे, मग पाटीवर कितीही अक्षरे असोत.

त्या बाईंना मी त्या दिवशी काय सांगितले? खरे तर काहीच नाही. अंदाजाने पहिल्या नावावर बोट ठेवले. सुदैवाने ते डॉक्टर असे निघाले, की त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि स्वतःहून चिठ्ठीतल्या दुसऱ्या नावाकडे पाठवले. तिथे कॅशियरना नोटा एकदाच मोजून, हात मांडीखाली घेऊन, जिवाची घालमेल सोसत बसायला शिकवले. तिसऱ्या नावाच्या बाई शाखेत येऊन मला भेटल्या आणि काही महिने त्यांना कॅशऐवजी दुसरे टेबल द्या म्हणाल्या. मी दिले. ते पूर्ण बरे झाले असे नाही, पण निवृत्तीपर्यंत नोकरी नीट केली आणि शेवटची काही वर्षे पुन्हा पिंजऱ्यात बसले. साडेतीनला आम्ही दोघे दोन किल्ल्या लावून स्ट्राँगरूम बंद करत असू. एका किल्लीने ती कधीच बंद होत नसे.